शनिवार ते शनिवार

“वीस सप्टेंबरच्या आधी एकही आठवडा नाही?” मॅग्नसनं तिसऱ्यांदा विचारलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानाला तरी वेगळं उत्तर मिळेल, अशी आपली वेडी आशा.

इन्व्हरनेसच्या एजन्सीतली पोरगी आवाजानं गोड होती. “नाही ना, सर. नेस कॉटेज ईस्टरपासून पूर्ण भरलंय. दुसरं एखादं सुचवू का? थर्सोच्या बाजूला एक आहे, अंगणात गरम पाण्याचा टब आहे, कुत्रा आणला तरी चालतो.”

“कुत्रा नाही मला. नेसच पाहिजे.”

“मग वीस ते सत्तावीस सप्टेंबर. शनिवार ते शनिवार. नाव काय लिहू?”

मॅग्नसनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं आणि पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्याची बायको इना ऐकत होती. “कॉर्मॅक,” तो म्हणाला. “मिसेस बेला कॉर्मॅक. माझी बहीण.”

बेला त्याची थोरली बहीण, राहायला शेजारच्याच दारात. तिला या बुकिंगचा पत्ताही नव्हता. एकतीस वर्षं कौन्सिलच्या रस्त्यांवर खड्डे बुजवण्यात आणि हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकत गाडी हाकण्यात गेलेला हा माणूस, खोटं बोलायची वेळ त्याच्यावर फारशी कधी आलीच नव्हती. आता त्रेसष्टाव्या वर्षी बहिणीच्या नावाआड लपताना त्याचे कान तापले. फोन ठेवून तो आत गेला.

इना शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर शाल. “मिळालं?”

“सप्टेंबर.”

तिनं महिने मोजले नाहीत. मार्चचा दुसरा आठवडा चालू होता. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते, “उन्हाळा बघाल तुम्ही.” उन्हाळ्याचं अलीकडचं टोक की पलीकडचं, हे विचारणं दोघांपैकी एकालाही जमलं नव्हतं. डॉक्टर घाईत दिसत होते, उगाच कशाला त्यांचा वेळ खायचा.

“सप्टेंबर बरा,” इना म्हणाली. “चिलटं नसतात.”

नेस कॉटेज आमच्या स्कार्स्टन गावापासून नऊ मैलांवर. शेवटचं शेत मागं पडलं की पुढं चार मैल नुसता दगडगोट्यांचा रस्ता, मग टेकडी, आणि टेकडीच्या पाठीशी समुद्राच्या तोंडावर बसलेलं पांढरं घर. पूर्वी तिथं साल्मन मासे पकडणारे राहायचे. मग ते जुन्या डॉक्टरांनी घेतलं आणि त्यांच्यामागं ते त्यांच्या मुलीकडं आलं, मिसेस गिल्क्राइस्टकडं. बाई लग्न होऊन एडिंबरोला गेली, तिथंच विधवा झाली, पण वाढली आमच्याच गावात. घर ती पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीनं द्यायची. शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे बाहेर, दुपारी चारला नवे आत. मधल्या सहा तासांत घराचा कायापालट करायचा ते काम इनाचं. बावीस वर्षं.

त्या सहा तासांत ती काय काय करायची ते सांगायला बसलो तर शनिवार पुरायचा नाही. चार पलंगांच्या चादरी, सिंकमधले केस, शेगडीची राख, फ्रिजमध्ये विसरलेलं अर्धं चीज, लहान पोरांनी खिडकीच्या काचेवर उमटवलेले जॅमचे हात. आणि निघताना टेबलावर स्वतःच्या हातचे, ताजे भाजलेले स्कोन, स्वच्छ रुमालाखाली. स्कोन कुणी सांगितले नव्हते. मिसेस गिल्क्राइस्टला ते पाहुण्यांच्या पत्रांतून कळलं, तेव्हा तिनं पिठाचे पैसे वाढवून दिले आणि इनानं ते दोन वेळा परत पाठवले.

फेब्रुवारीत दोघं हॉस्पिटलातून गाडीनं परत येत होती. हेल्म्सडेलच्या वळणांवर इना एकाएकी म्हणाली, “मोठ्या खोलीतल्या पलंगावर पडलं ना, की म्हणे पडल्या पडल्या ऑर्कनीची बेटं दिसतात. पाहुणे वहीत लिहून जातात.”

“म्हणजे? तू बघितलं नाहीस कधी?”

“मी कशाला पडू त्यांच्या पलंगावर?”

“बावीस वर्षांत एकदाही पाठ टेकली नाहीस? अगं, बघायला कोण होतं तिथं?”

“मी होते ना,” इना म्हणाली.

मॅग्नस हसला. मग पुढचे चाळीस मैल त्याला रस्ता नीट दिसेना. घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं. इनाला नेसमध्ये आठवडाभर न्यायचं. पाहुणी म्हणून. पैसे भरून, चारला आत आणि दहाला बाहेर, सगळ्यांसारखं. जन्मात तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हेही तसं मागितलं नव्हतंच.

बेलाला कळायचं ते कळलंच. एजन्सीचं पत्र तिच्या नावानं आलं आणि ती ते फडकावत मागच्या दारानं आत शिरली. आमच्याकडं दार वाजवायची रीत नाही. कडी उचलायची आणि “मीच गं” म्हणत आत यायचं.

“हे काय रे? मी कधी सुट्टीवर निघाले? आणि मला कुणी सांगितलं का नाही? नवी पेटी घेतली असती!”

इना शेजारच्या खोलीत झोपली होती. मॅग्नसनं हळू आवाजात सगळं सांगितलं. बेला खुर्चीत बसली, तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आणि गिल्क्राइस्टबाईला सरळ फोन करायला काय झालं? तिचं घर, तिचं राज्य. एक शब्द टाकलास तर उद्या किल्ली देईल.”

“तेच तर नको. ती पैसे घ्यायची नाही. आणि तिथं दुसऱ्या कुणाचं बुकिंग असलं तर त्यांना हुसकून आम्हाला देईल. इनाला ते खपायचं नाही.”

“इनाला, की तुला?”

“दोघांनाही.”

“भीड भिकेची बहीण असते, मॅग्नस. देवानं तोंड दिलंय ते नुसतं खिमा-बटाटे खायला नाही!”

“बेला, हळू. उठेल ती.”

आता खरं सांगायचं तर बेलाही तोंडानंच शूर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने ती जिना बसून चढली, पण शेजारी राहणाऱ्या भावाला कोळशाची बादली आण म्हणाली नाही. आमची माणसं अशीच. मेल्यावर अख्खं गाव येईल. जित्या माणसाला “काही हवंय का” विचारलं तर तो “काही नको” म्हणणार, आणि विचारणाराही ते खरं मानून टोपी चढवून चालू पडणार. याला आम्ही चांगुलपणा म्हणतो.

इनानं आजारपण कळलं त्याच आठवड्यात मिसेस गिल्क्राइस्टला चिठ्ठी लिहिली होती. ‘तब्येत जरा बरी नाही, या हंगामात जमेलसं वाटत नाही, कृपया दुसरं कुणी बघावं, गैरसोयीबद्दल माफी असावी.’ आजाराचं नाव लिहिलं नव्हतं. उलट टपाली उत्तर आलं, ‘घराची अजिबात काळजी करू नका, सगळी व्यवस्था झाली आहे. फक्त बऱ्या व्हा.’ इनानं ते पत्र दोनदा वाचलं आणि घड्याळामागं ठेवलं.

“व्यवस्था झाली म्हणते,” ती म्हणाली. “लगेच मिळालं कुणीतरी.”

“थर्सोची असेल एखादी.”

“असेल. शेगडीची झडप मागं ओढून मग फिरवायची असते, तिला कुणी सांगितलं असेल का?” एवढंच बोलली. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मॅग्नसला कळलं की गोळ्यांमुळं नाही.

मात्र बुकिंग झालं तशी तिची कळी खुलली. पाहुणे कसे येतात ते तिला पाठ होतं. आता पाहुण्यांसारखी तयारी करायची तिला हौस आली. शाळेच्या जुन्या वहीत तिनं यादी सुरू केली. धुरावलेला हॅडक मासा, रुबार्बचा जॅम, दोन पुस्तकं (“वाचायची नाहीत, पलंगाशेजारी पालथी घालून ठेवायची. सगळे तसंच करतात”), मॅग्नससाठी चपला.

“आणि सकाळी अंथरूण आवरायचं नाही,” ती म्हणाली. “तसंच टाकून फिरायला जायचं.”

“जमेल तुला?”

“दाराशी गेल्यावर परत फिरेन, मला माहीत आहे. तू धरून ठेव मला.”

“आणि शनिवारी निघताना?”

“निघताना मात्र सगळं लख्ख. ती थर्सोची आली की म्हणायला हवी, कोण बाई राहून गेली इथं!”

दोघंही हसली. एप्रिलमध्ये यादी दुसऱ्या पानावर गेली, मेमध्ये तिसऱ्या. इना मात्र पाना-पानानं हलकी होत चालली. मॅग्नस तिला जिन्यावरून उचलून आणायचा तेव्हा मिठाच्या गोणीपेक्षा तिचं वजन कमी भरायचं.

मेच्या शेवटी बेला दुकानातून एक बातमी घेऊन आली. “यंदा नेसचं पाहुणं एकही दुकानात आलेलं नाही म्हणे. दरवर्षी दूध-पाव न्यायला येतात की नाही?”

“हल्ली सगळं थर्सोहूनच भरून आणतात,” मॅग्नस म्हणाला.

“गाड्याही दिसत नाहीत म्हणे रस्त्याला. जाऊन बघ ना एकदा. नऊ मैल तर आहे.”

“आणि काय करू? लोक आपल्या पैशानं राहायला आलेत, त्यांच्या खिडकीत डोकावू? एजन्सी सांगते ना, भरलंय म्हणून. एजन्सी खोटं कशाला बोलेल?”

बेलानं पिशवी टेबलावर आपटली, पण तीही गेली नाही बघायला. तिलाही ते बरं दिसलं नसतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक नवल घडलं. इना सकाळी आपणहून उठली, अंडं खाल्लं, आणि काठी घेऊन फाटकापर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी रस्त्यापर्यंत. अंगात दुखणं नव्हतं, जिभेला चव होती. जूनमध्ये आमच्याकडं रात्र अशी होतच नाही. अकरा वाजताही माणसं कुंपणाला टेकून बोलत उभी असतात. इना बाकावर बसायची आणि म्हणायची, “आत्ता नेसवर काय उजेड असेल!” जिल्हा परिचारिका येऊन गेली, तिनं मॅग्नसला फाटकाशी बाजूला घेतलं. “मिस्टर मोवॅट, कधी कधी असा एक बरा आठवडा मिळतो. जे करायचं मनात असेल ते आत्ता करा.”

तिनं कधी नव्हे ते स्पष्ट सांगितलं होतं. मॅग्नस घरात आला, बूटही न काढता फोनपाशी उभा राहिला. एडिंबरोचा नंबर इनाच्या वहीत होता. इना बाहेर बाकावर होती. त्यानं नंबर फिरवला. तीनदा वाजला, आणि पलीकडून आवाज आला, “हॅलो?”

“मिसेस गिल्क्राइस्ट, मी मॅग्नस मोवॅट. स्कार्स्टनहून.”

“अरे देवा. मिस्टर मोवॅट! काही झालं का?”

“नाही नाही. काही नाही. सहज केला.”

“मिसेस मोवॅट कशा आहेत?”

“बरी आहे. चाललंय. तक्रार नाही.” हाच क्षण होता. बाई, एक आठवडा द्या. दोन दिवस द्या. एक रात्र. तोंडात शब्द तयार होते, दातांपर्यंत आले होते.

“हवा कशी आहे तिकडं?”

“छान आहे. वाऱ्याला जरा जोर आहे, पण छान.”

“मी काही करू शकते का, मिस्टर मोवॅट? मनापासून विचारते आहे. काहीही.”

मॅग्नसच्या डोळ्यांपुढं नेसचं अंगण आलं. तिथं कुणाची तरी गाडी उभी, कुणाची तरी पोरं, ग्लासगोहून वर्षभर पैसे साठवून आलेली. त्यांना बाई फोन करणार, तुम्ही निघा म्हणणार. इनाला ते कळणार. “नाही हो,” तो म्हणाला. “काही नको. तुमचं घर ठीक आहे ना?”

“घर उत्तम आहे. त्यांना म्हणावं, घराची बिलकूल चिंता करू नका. सगळं सुरळीत आहे.”

“बरंय मग.”

“बरंय, मिस्टर मोवॅट. फोन केलात, बरं वाटलं.”

त्यानं फोन ठेवला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो मागच्या दारानं बाहेर पडला आणि कोळशाच्या खोलीत जाऊन उभा राहिला. एकतीस वर्षं बर्फात रस्ते मोकळे केले, आणि स्वतःच्या बायकोसाठी एक वाक्य ढकलता आलं नाही. थोड्या वेळानं इनाची हाक आली, “मॅग्नस, चहा?” आणि तो तोंड पुसून चहा करायला गेला.

तो बरा आठवडा बाकावरच संपला. जुलैत खाट खालच्या खोलीत आणली. खिडकीतून समोरच्या घराची धुराडी दिसायची. वहीची यादी उशाशी होती, पण पेन्सिल धरवेना, तेव्हा ती सांगायची आणि मॅग्नस लिहायचा. “मेणबत्त्या. वीज गेली तर.” “तिथं आहेत ना मेणबत्त्या, तूच ठेवायचीस.” “ती थर्सोची ठेवेलच असं नाही.”

ऑगस्टच्या एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती गेली. वीस सप्टेंबरला बत्तीस दिवस राहिले होते.

आमच्याकडं शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात, आणि कुठली दोरी कुणी धरायची त्याची चिठ्ठी आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या हाती पोचते. एक नंबरची मॅग्नसची, डोक्याकडची. गावातली सात माणसं बाकीच्या सात दोऱ्या धरून उभी राहिली, दोरी सोडताना कुणी हलकं धरलं नाही की घाई केली नाही, सगळं कसं नीट पार पडलं. अख्खं गाव आलं होतं, म्हटलं ना.

मग गावच्या हॉलमध्ये चहा आणि सँडविचेस. मिसेस गिल्क्राइस्ट एडिंबरोहून रात्रभर गाडी चालवून आली होती. वाळकी, उंच बाई, काळा कोट, हातात कप धरून ती मॅग्नससमोर उभी राहिली. बेला त्याच्या बाजूला होती.

“बावीस वर्षं,” ती म्हणाली. “आणि मी त्यांना कधी इना म्हणून हाक मारली नाही.”

“तिला आवडलंही नसतं,” मॅग्नस म्हणाला.

“मिस्टर मोवॅट, एक विचारू? एजन्सीनं मला सप्टेंबरची यादी पाठवली. त्यात कॉर्मॅक नावाचं बुकिंग आहे, फोन नंबर तुमचा. मला वाटलं चूक असेल.”

बेलाच बोलली. “चूक नाही. इनासाठी होतं. तिला एकदा तिथं राहायचं होतं. मोठ्या खोलीत. त्याआधीचं सगळं भरलेलं होतं ना तुमचं.”

मिसेस गिल्क्राइस्टनं कप दोन्ही हातांनी धरला. “भरलेलं नव्हतं.”

“एजन्सी म्हणाली, ईस्टरपासून...”

“मीच तसं लिहायला सांगितलं होतं एजन्सीला. भरलंय म्हणा, मध्य सप्टेंबरपर्यंत कुणाला देऊ नका.” ती आता फक्त मॅग्नसकडं बघत होती. “मिसेस मोवॅटच्या जागी मी दुसरं कोण आणणार? त्यांना ते लागलं असतं. आणि पाहुणे घेतले असते, तर त्या तशाच अंगानं शनिवारी बादली घेऊन पोचल्या असत्या, तुम्हीही जाणता. सांगावंसं वाटलं होतं. पण सांगितलं तर त्यांच्यामुळं माझं नुकसान होतंय म्हणून त्या झुरतील. म्हणून नाही सांगितलं. घर रिकामं होतं, मिस्टर मोवॅट. सगळा उन्हाळा. नुसतं रिकामं.”

“जूनमध्ये?” मॅग्नसनं विचारलं.

“जूनमध्येही. तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तुम्ही काहीतरी मागणार आहात. मी वाट बघत होते. मग वाटलं, खोदून विचारणं बरं दिसणार नाही.”

बेलानं आपली बशी टेबलावर ठेवली. भीड, भीक, काय काय तिच्या जिभेवर आलं असेल, पण ती फक्त म्हणाली, “अरे देवा. अरे देवा रे.” आणि खुर्ची धरून खाली बसली.

मॅग्नस उभाच होता. मिसेस गिल्क्राइस्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. त्याला वाटलं, ओरडावं, या हॉलच्या काचा फुटतील असं ओरडावं, या सगळ्या सभ्य माणसांच्या अंगावर तो चहा फेकून द्यावा, आणि सगळ्यात आधी स्वतःच्या. त्यानं तिच्या हातातला कप काढून घेतला. “तुम्ही लांबून आलात,” तो म्हणाला. “काहीतरी खाऊन घ्या.”

निघताना तिनं बुकिंगचे पैसे परत देऊ केले. तो नको म्हणाला. तिनं आग्रह केला नाही.

सप्टेंबरच्या वीस तारखेला जायचं नाही, असं त्यानं दहा वेळा ठरवलं. पण आदल्या दिवशी बेलानं मिसेस गिल्क्राइस्टला फोन केला, किल्ली कुठं असते ते विचारून घेतलं, आणि शनिवारी सकाळी बसच्या वेळेची वाट न बघता कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागं बसून नेसला गेली. हे मॅग्नसला तिनं दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळलं. ‘घर झाडून ठेवते. ये नाहीतर नको येऊस.’

तो निघाला. मागच्या सीटवर कपड्यांची एक पेटी. यादीतलं बाकी काही घेतलं नव्हतं, चपला तेवढ्या घेतल्या. टेकडीवरून उतरला तेव्हा सव्वातीन वाजले होते. ढग निघून गेले होते आणि समुद्रापलीकडं ऑर्कनीचे कडे स्वच्छ दिसत होते. त्यानं गाडी अंगणाबाहेर, भिंतीला लागून उभी केली आणि इंजिन बंद केलं.

बेला दारात आली, डोक्याला रुमाल, हातात केरसुणी. “ये ना आत! झालंय सगळं!”

त्यानं काच खाली केली. “असू दे. तुझं चालू दे.”

“काय चालू दे? अरे, पलंग घातलाय, सूप शेगडीवर आहे. ये!”

“अजून चार नाही वाजले, बेला.”

बेला केरसुणी घेऊन तशीच अंगण ओलांडून गाडीपर्यंत आली. “मॅग्नस, घर रिकामं आहे. मी झाडलंय, मी सांगतेय. कुणाच्या बापाची भीती आहे तुला?”

“भीती नाही. तिनं चारच्या आधी कुणाला आत घेतलं नाही कधी. पावसात उभी ठेवलीत माणसं. मग आपणच कसं जायचं?”

बेलाला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. तिनं खिडकीतून हात घालून भावाच्या कोटाची कॉलर सारखी केली, आत जाऊन शेगडीवरचं सूप बाजूला सरकवलं, दार ओढून घेतलं आणि रस्त्याला लागली. ट्रॅक्टरवाला टेकडीपलीकडं थांबला होता. मॅग्नसनं “सोडू का तुला?” म्हणून हाक दिली, तिनं मागं न बघता हात हलवला, नको म्हणून.

तो बसून राहिला. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर त्यानं काही ठेवलं नव्हतं. मोठ्या खोलीच्या खिडकीचे पडदे बेलानं पूर्ण बाजूला सारले होते, बाहेरूनही उशी दिसत होती. समुद्रकावळे खडकावर पंख वाळवत होते. गाडीतल्या घड्याळात चार वाजले. तो उतरला नाही. ठोक्याला जाऊ नये, टपूनच बसले होते असं दिसतं, इना नेहमी म्हणायची.

चार वाजून दहा मिनिटांनी तो उतरला. टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, पेटी घेतली. पायपुसण्यावर बूट नीट घासले, एक, मग दुसरा. मग त्यानं कडीला हात न लावता दार वाजवलं, आणि थांबला.